फाल्गुनातले फूल भाद्रपदाला

अदलियात गणपती बसतात तेव्हा दारात फुलाचे नाव नसते. भाद्रपद म्हणजे येथे ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबर; पारा चाळिशीजवळ, हवा दमट आणि गॅलरीतल्या झेंडू-शेवंतीच्या नुसत्या काड्या. ताजी फुले विमानाने येतात आणि भावही विमानाचाच सांगतात. म्हणून निदान मखराच्या आराशीपुरता एक उपाय वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. तो म्हणजे स्टॅटिस.

हे झाड भूमध्य समुद्राकाठचे, पण कुळ आपल्या चित्रकाचे. त्याचा एक भाऊबंद, लिमोनियम ॲक्सिलेअर, आखाताच्या खाऱ्या किनाऱ्यावर आपोआप उगवतो आणि पानांवरच्या ग्रंथींतून नको असलेले मीठ बाहेर टाकतो. (तो तेथेच राहू द्यावा, उपटून आणू नये.) बहरीनला वर्षाकाठी पाऊस जेमतेम ७०-८० मिलिमीटर, जमीन रेताड, खारवट. जाईजुई रुसते तेथे हे कुळ सुखाने नांदते.

बी ऑक्टोबरात पेरावे. सोटमूळ खोल जाते, म्हणून रोप लहान असतानाच, मुळाची माती न फोडता, ३० सेंटिमीटर अंतरावर लावावे. थोडी थंडी लागल्यावर फुलांचे दांडे लवकर येतात. डिसेंबर-जानेवारीचा गारवा त्यासाठी कामी येतो. खत बेताचेच. पाण्याच्या बाबतीत ही झाडे तहानेपेक्षा मायेनेच अधिक मरतात. वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये. बुंधा ओला राहिला की कुजतो.

आपण ज्याला फूल म्हणतो ती निळी-जांभळी कागदी झालर म्हणजे निदलपुंज. खरे फूल आत इवलेसे, पांढरे. ते गळून जाते. झालर मुळातच कोरडी, म्हणून तिचा रंग टिकतो. तुऱ्यातल्या बहुतेक झालरी उमलल्यावरच दांडा कापावा; घाईने कापला तर मान टाकतो. दहा-बारा दांड्यांची सैल जुडी बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे उलटी टांगावी. पुढे दमट हवेचे दिवस येतात. त्याआधी जुड्या झाकणाच्या खोक्यात घालून एसीच्या खोलीत ठेवाव्यात. उन्हात रंग उडतो.

पुस्तके या झाडाला बहुवर्षायू म्हणतात, पण बहुतेक बागाईतदार एका हंगामानंतर ते उपटतात. येथे जून ते सप्टेंबर दुपारची सावली मिळाली तर काही झाडे तगतात, सगळी नव्हे. सुटीत गावी जाणाऱ्यांनी कुंडीपेक्षा वाफ्याचा भरवसा धरावा. तेथे मुळाला खोली मिळते.

देवाला शिळे फूल वाहत नाहीत, मग वाळलेले कसे चालेल, असे घरातली वडील माणसे विचारतील. पूजेला जास्वंद-दूर्वा ताज्याच हव्यात, त्यात तडजोड नको. आरास वेगळी. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून तिकडेही मखराला पर्याय शोधले जात आहेत. विसर्जनानंतर जुड्या परत खोक्यात ठेवल्या तर दिवाळीच्या सजावटीलाही पुरतात. फक्त जपून हाताळाव्यात, वाळलेला दांडा काटकीसारखा मोडतो.