केळीच्या घडाचे वेष्टन आणि एकस्वाचा हक्क

चोपडे तालुक्यातील केळीच्या बागांत घडांवर पातळ पिशव्या चढविलेल्या दिसतात. पूर्वी हेच काम केळीची वाळलेली पाने गुंडाळून होत असे. थंडी, ऊन व धूळ यांपासून फळाची साल राखावी हा हेतु दोहोंचा एकच. आता एखादा कारखानदार अशा लवचिक वेष्टनास छिद्रे पाडून ‘हा माझा शोध’ म्हणून पेटंट, म्हणजे एकस्व, मागू लागला तर ते त्यास मिळावे काय? मिळाल्यास अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे दुसऱ्या कोणास ते वेष्टन त्याच्या परवानगीवाचून करिता वा विकिता येणार नाही, आणि भाव तो म्हणेल तो.

1970 च्या एकस्व कायद्याप्रमाणे वस्तु केवळ नवी असून भागत नाही. त्या विषयातील जाणत्या माणसास ती सहज सुचण्याजोगी नसावी लागते. हा जाणता कोणी प्रतिभावंत नव्हे, अडाणीही नव्हे. आपल्या धंद्यातील प्रसिद्ध माहिती ठाऊक असलेला साधारण कुशल मनुष्य. मिर्झापूरच्या भांड्यांच्या कारखानदारीतील एका युक्तीचे एकस्व सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली रद्द ठरविले. कारखान्यातील किरकोळ सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असा त्या निकालाचा आशय.

हेच माप पिशवीस लावून पाहावे. बंद पिशवीत ओल धरते हे ज्यास ठाऊक, तो भोके पाडणारच. त्यात शोध कसला? परंतु कोणी दोन पदर असे जोडले की कडाक्याच्या थंडीतही आत ऊब राहते व ओल मुळीच धरत नाही, आणि असे घडेल ही जाणत्यांचीही अपेक्षा नव्हती, तर त्याचा हक्क नाकारणे अन्यायाचे होईल, असे आम्हांस वाटते. मात्र निर्णय अर्जाच्या दिवशीच्या ज्ञानावरून करावयाचा. कोडे सुटल्यावर ते सर्वांसच सोपे वाटते.

आमची हयात महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. फेरफाराच्या नोटिशीवर मुदतीत हरकत न देता मागाहून हळहळणारे खातेदार आम्ही पुष्कळ पाहिले. येथेही तोच प्रकार. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर व एकस्व मिळण्यापूर्वी कोणासही लेखी विरोध करिता येतो. दिल्यावर मात्र त्याच्या प्रसिद्धीपासून एक वर्षाच्या आत, तोही हितसंबंधी मनुष्यासच. पुढे उच्च न्यायालयाची खर्चाची वाट. ‘आमचा आजा असेच करीत असे’ एवढ्याने काम होत नाही; तारीख असलेला मासिकाचा अंक, कृषि विद्यापीठाची पत्रिका, पिशव्यांची जुनी पावती असे कागद जपून ठेवावेत.

शेती वा बागाईत करण्याची पद्धत कायद्याने एकस्वास पात्रच नाही. सबब घडास वेष्टन बांधण्याची रीत कोणाच्या मालकीची होणार नाही. वेष्टन मात्र होऊ शकेल.