नाव नसलेला धबधबा

डिंभे धरणाच्या जलाशयाच्या कडेकडेने आहुप्याकडे निघालं, की आषाढ-श्रावणात वळणावळणावर पाणी भेटतं. भातखाचरांच्या वर, हिरड्याच्या झाडांमागून दोन-तीन पुरुष उंचीची धार उतरते, मोरीतून रस्ता ओलांडते आणि खाली निघून जाते. यातल्या बहुतेक धबधब्यांची नावं कुठल्याच नकाशावर नाहीत. तरी थांबावं. आणि पाण्याआधी त्यामागचा दगड पाहावा.

हा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तेव्हा आपला हा भूभाग विषुववृत्ताच्याही दक्षिणेला होता! जमिनीतून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. प्रत्येक थर थिजताना त्यातले वायू वर धावले. म्हणून थराचा माथा अनारशासारखा जाळीदार झाला आणि मधला भाग घट्ट राहिला. दोन उद्रेकांमध्ये मोठी उसंत मिळाली, तिथे माथ्याची झीज होऊन माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याखाली गाडली गेली. सह्याद्रीच्या कड्यांत मधूनच दिसणारे तांबडे पट्टे ते हेच.

धबधबा घडतो तो या थरांच्या सांध्यावर. वरच्या थराचा कठीण दगड खालच्या थराच्या ठिसूळ माथ्यावर बसलेला असतो. पाणी ठिसूळ भाग आधी पोखरतं, वरचा दगड अधांतरी राहतो आणि कधीतरी तुटून कोसळतो. धारेच्या पायथ्याशी पडलेल्या शिळांपैकी कितीतरी अशाच वरून आलेल्या. म्हणजे धबधबा एका जागी उभा नसतो. तो डोंगरात मागे मागे सरकत असतो, इतका सावकाश की माणसाच्या आयुष्यात ते जाणवतही नाही.

आणि या पाण्याचा प्रवास! इथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत आहे. पण मधे सह्याद्रीचा माथा उभा, म्हणून पाणी पूर्वेला वळतं. ओढ्यातून घोड नदीत, तिथून हुतात्मा बाबू गेनू सागरात, म्हणजे डिंभ्याच्या जलाशयात. ज्या गावाने तालुक्याला नाव दिलं, ते जुनं आंबेगाव याच जलाशयाच्या पोटात आहे. धरणं आणि कालवे यांतून जे उरतं, ते घोडेतून भीमेला मिळतं, उजनी ओलांडून पंढरपुरात चंद्रभागा होतं, मग कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात जातं. हजाराहून अधिक किलोमीटरची ही वाट रस्त्याकडेच्या अशाच बिननावाच्या धारांपासून सुरू होते.

पावसाळा सरला की धार बारीक होते आणि बहुतेक ठिकाणी आटते, कारण माथ्यावरचं पाणलोट क्षेत्र इवलंसं आणि घट्ट काळा दगड पाणी साठवत नाही.

जाल तेव्हा गाडी वळणावर नव्हे, रुंद जागी थांबवा आणि धारेखाली उभे राहू नका. वरून दगड येतात. याच खोऱ्यात 30 जुलै 2014 रोजी मुसळधार पावसात डोंगर खचून माळीण गाव गाडलं गेलं, सुमारे दीडशे माणसं गेली. पाऊस झोडपत असेल, तर त्या दिवशी माघारी फिरा.