भाच्याची कंपनी की मोठ्या कंपनीचा शेअर?



लक्ष्मीनगर असो की नागपूर चाळ, आपल्या येरवड्यात कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आयटी पार्कमध्ये कामाला जातं. त्यामुळे शेअर, स्टार्टअप हे शब्द आता आपल्या घरात आलेत. गटाच्या बैठकीतही प्रश्न येतो, "ताई, भाच्यानं मित्रांबरोबर ॲपची कंपनी काढलीय. पन्नास हजार मागतोय. द्यावेत, की त्या पैशात टीसीएस, इन्फोसिसचे शेअर घ्यावेत?"

आधी एक समजून घेऊ. दोन्हीकडे आपण कंपनीत भागीदार होतो. बँकेच्या ठेवीसारखं व्याज ठरलेलं नसतं आणि मुद्दल परत मिळण्याची हमी कुणी देत नाही. मोठा फरक आहे तो पैसे सोडवून घेण्यात. मोठी कंपनी शेअर बाजारात असते. मुलीची फी भरायची वेळ आली, तर शेअर विकता येतो. भाव कमी मिळेल, पण दोन-चार दिवसांत पैसे खात्यात येतात. नव्या छोट्या कंपनीचा शेअर विकायला बाजारच नसतो. घेणारा आपणच शोधायचा.

इन्फोसिसचंच उदाहरण घ्या. ही कंपनी १९८१ साली आपल्या पुण्यात सात इंजिनिअरांनी सुरू केली. सुधा मूर्तींनी बचतीतून दिलेल्या दहा हजारांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण त्यापुढचं कुणी सांगत नाही. कंपनीचा शेअर बाजारात यायला १९९३ साल उजाडलं. म्हणजे बारा वर्षं! तेव्हाही ९५ रुपयांच्या शेअरला लोकांनी पुरेसे अर्ज केले नव्हते. ज्यांनी घेतले आणि धरून ठेवले, त्यांचं सोनं झालं. पण त्याच काळात बंद पडलेल्या कंपन्यांची गोष्ट सांगायला कोणी येत नाही.

मग मोठी कंपनी म्हणजे बिनघोर का? तसंही नाही. सत्यम ही देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपन्यांपैकी एक होती. ७ जानेवारी २००९ ला तिच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली आणि एका दिवसात शेअरचा भाव पाऊण हिश्शाहून जास्त कोसळला. पुढे ती टेक महिंद्रानं घेतली. म्हणून सगळे पैसे एकाच कंपनीत घालू नयेत. अनेक मोठ्या कंपन्यांत पैसे विभागणाऱ्या म्युच्युअल फंडात महिना पाचशे रुपयांपासूनही सुरुवात करता येते. त्यातही चढ-उतार असतातच, म्हणून पाच-सात वर्षं लागणार नाहीत असेच पैसे तिथे ठेवावेत.

आता भाच्याकडे वळू. त्याला मदत करायची असेल तर जरूर करा, पण डोळे उघडे ठेवून. पैसे गेले तरी घराचा हप्ता, शाळेची फी, दवाखाना अडणार नाही, एवढीच रक्कम द्या. त्यासाठी दागिने गहाण ठेवू नका, गटाकडून कर्ज काढू नका. गटाची बचत सगळ्या जणींची आहे, ती एकीच्या जोखमीसाठी नाही.

पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा. कंपनीची नोंदणी झालीय का? ते सरकारच्या कंपनी खात्याच्या वेबसाइटवर नाव टाकून कळतं. पैसे कोणाच्या खात्यात जाणार? ते कंपनीच्याच बँक खात्यात गेले पाहिजेत, रोख नाही. किती शेअर आणि किती टक्के हिस्सा मिळणार, हे कागदावर आहे का? आणि मला बाहेर पडायचं झालं तर शेअर कोण घेणार?

आणखी एक. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला आपले शेअर सगळ्या लोकांना जाहीरपणे विकता येत नाहीत, कायद्यानं तशी मनाई आहे. तेव्हा व्हॉट्सॲपवर "आमच्या कंपनीचे शेअर घ्या, वर्षात दुप्पट" असा निरोप आला, तर तिथेच थांबा. शेअरमध्ये दुप्पट करून देण्याची हमी खरा माणूस देत नाही.

नात्यातल्या माणसाला हे प्रश्न विचारायला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. पण ज्याला कंपनी खरंच चालवायची आहे, त्याच्याकडे उत्तरं तयार असतात. नसतील तर त्याला म्हणा, "बाळा, कागद घेऊन ये, मग बसू." पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या. आपण सगळ्या मिळून वाचू.