तिसरा हिरवा दिवा लागत नाही तेव्हा

पायपर कंपनीचे चेरोकी ॲरो हे चार आसनी विमान 1967 साली बाजारात आले. उड्डाणानंतर पोटात घेता येणारी चाके ही त्याची मिरवण्याची गोष्ट होती. आज जुन्या ॲरोच्या मालकाला तीच चाके घोर लावतात. तरी पाना हाती घेण्याआधी यंत्रणा समजून घ्यावी, कारण दोष बऱ्याचदा चाकांत नसतोच.

सामानाच्या कप्प्यामागे विजेवर चालणारा पंप असतो. तो एका दिशेने फिरला की तेलाच्या दाबाने चाके वर जातात, उलटा फिरला की खाली येतात. वर गेलेल्या चाकांना कसलाही आकडा नाही. ती निव्वळ तेलाच्या दाबावर टिकून असतात. खाली आल्यावर मात्र आकडा बसतो, छोटा मायक्रोस्विच दाबला जातो आणि वैमानिकासमोर त्या चाकाचा हिरवा दिवा लागतो.

दोन दिवे लागले, तिसरा नाही, तर पहिला संशय बल्बवर घ्यावा. शेजारचा पेटलेला बल्ब काढून तिथे लावला की उलगडा होतो. भर दिवसा तिन्ही दिवे दिसेनासे झाले तर पॅनेलच्या दिव्यांचे बटण पाहावे. ते चालू असले की हिरवे दिवे मंद होतात आणि उन्हात विझल्यासारखे वाटतात. या फसवणुकीने अनेकांना घाम फोडला आहे! बल्ब ठीक असेल तर चिखल-ग्रीसने माखलेला किंवा जागचा सरकलेला मायक्रोस्विच तपासावा.

पंपाचा आवाजच येत नसेल तर आधी सर्किट ब्रेकर, मग रिले. चाके खाली येतात पण उड्डाणानंतर वर जात नाहीत, तेव्हा डाव्या चाकाच्या दांड्यावरचा स्विच बघावा. विमान जमिनीवर असताना चाके मिटू नयेत म्हणून तो असतो. अडकला तर हवेतही त्याला विमान जमिनीवरच वाटते.

खरी चिकाटी लागते ती पंप उडताना दर थोड्या मिनिटांनी आपोआप सुरू होतो तेव्हा. याचा अर्थ दाब कुठेतरी निसटतो आहे. पोटाखाली लाल तेलाचा ओघळ दिसला तर सोपे. बाहेर सगळे कोरडे असेल तर गळती आत आहे: सिलिंडरमधली झिजलेली ओ-रिंग, नाहीतर नीट न मिटणारा व्हॉल्व्ह. नुसते तेल भरून वेळ मारून नेणारे मेकॅनिक भेटतात; त्यांचे ऐकू नये.

दुरुस्तीनंतर विमान जॅकवर घ्यावे, शेपटीला पुरेसे वजन बांधावे आणि बाहेरून वीज द्यावी, कारण बॅटरी उतरली की पंप मंदावतो आणि नसलेला दोष दिसू लागतो. शेवटी दोन आसनांमधला आणीबाणीचा दांडा दाबावा. दाब सुटतो आणि चाके आपल्या वजनाने खाली येतात. पुढच्या चाकाला स्प्रिंगची मदत असते. या चाचणीत एक जरी चाक कुलूपबंद झाले नाही, तरी ते विमान उडवू नये.