निळ्या ज्योतीचं पितळी यंत्र

औषधाची रिकामी बाटली, तिच्या पत्र्याच्या झाकणाला खिळ्याने पाडलेलं भोक, भोकात बसवलेली छोटी नळी आणि नळीतून ओवलेली जुन्या धोतराची चिंधी. त्यात रॉकेल ओतलं की चिमणी तयार. खेड्यापाड्यांत वीज पोचेपर्यंत कितीतरी घरांनी याच घरगुती दिव्यावर रात्री काढल्या. चिमणी उजेड द्यायची आणि काजळीही द्यायची. भिंती काळ्या, छप्पर काळं, सकाळी नाक शिंकरलं तर तेही काळं. तेच रॉकेल पितळी स्टोव्हच्या टाकीत घातलं की निळं जळायचं आणि भांड्याच्या बुडाला काळा ठिपकासुद्धा लागायचा नाही.

तेल एकच असताना हा फरक पडतो, कारण द्रव मुळात जळतच नाही, जळते ती त्याची वाफ. चिमणीत वातीच्या टोकाशी ज्योतीच्या उष्णतेने रॉकेलची वाफ होते, पण तिला हवा मिळते फक्त कडेकडेने. ज्योतीच्या पोटात कार्बनचे बारीक कण न जळता तापून लाल-पिवळे होतात. चिमणीचा उजेड म्हणजे हेच तापलेले कण आणि काजळी म्हणजे त्यातले निसटलेले. दिव्याला ती पिवळी ज्योत हवीच असते. चुलीला मात्र ती परवडत नाही, कारण न जळलेला प्रत्येक कण म्हणजे वाया गेलेली आच.

हा पेच स्टॉकहोममधल्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने १८९२ साली सोडवला. वातीचे रॉकेल स्टोव्ह त्याआधीही होते, पण ते धुरकट. झाळकाम करणाऱ्यांच्या हातात तेव्हा ब्लोलॅम्प आला होता. त्यात इंधनाची वाफ आधी तयार होते आणि मग दाबाने बाहेर पडून जळते. लिंडक्विस्टने हीच युक्ती स्वयंपाकाला लावली आणि वात काढूनच टाकली. त्या स्टोव्हचं नाव प्रायमस. बी. ए. यॉर्ट आणि कंपनीने तो जगभर विकला आणि पुढे कुठल्याही कंपनीचा पंपाचा स्टोव्ह लोकांच्या तोंडी प्रायमसच झाला.

यंत्र बघायला साधं. खाली पितळी टाकी, तिच्या कडेला पंप, वर तीन पाय आणि मधोमध बर्नर. पंप मारला की टाकीतल्या हवेचा दाब वाढतो आणि रॉकेल नळीतून वर चढतं. बर्नरच्या पोकळ नळ्या ज्योतीनेच तापलेल्या असतात. त्यांतून जाताना रॉकेलची वाफ होते. मग ती बर्नरच्या मधल्या निपलच्या जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरच्या भोकातून वेगाने उसळते, वाटेत हवा ओढून घेते आणि वरच्या पत्र्यावर आपटून निळी जळते. म्हणजे ज्योत स्वतःचं पुढचं इंधन स्वतःच शिजवून घेते. या यंत्रात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट. इतक्या थोड्या भागांत इतकं पूर्ण चक्र बसवलेलं घरगुती यंत्र मला दुसरं माहीत नाही.

चक्र एकदा सुरू झालं की चालत राहतं, पण सुरू करायला बाहेरून ऊब द्यावी लागते. म्हणून बर्नरखालच्या वाटीत थोडं स्पिरिट ओतायचं किंवा रॉकेलमध्ये भिजवलेला काकडा पेटवून बर्नरला अडकवायचा. तोवर टाकीवरची हवा सोडायची चावी उघडी. काकडा विझत आला की चावी बंद करायची आणि पंपाचे दोन-तीन हलके दट्टे मारायचे. बर्नर पुरता तापला असेल तर फुर्र आवाज करत निळी ज्योत धरते. घाई केली तर वाफेऐवजी कच्चं रॉकेल उसळतं आणि पिवळा भडका हातभर वर येतो. अशा वेळी चावी सोडून हवा काढून टाकायची, हे घरातल्या जाणत्या बाईला सांगावं लागत नसे. ज्वलनशास्त्राचा हा धडा तिने पुस्तकाशिवाय, रोज पहाटे, चहाच्या आधी गिरवलेला असे.

दुरुस्तीचंही तसंच. दट्टा सैल पडला, हवा धरेना, की पंपाची दांडी बाहेर काढायची. तिच्या टोकाला वाटीच्या आकाराचा कातडी वॉशर असतो. तो वाळून आकसलेला असला तर गोडेतेलात भिजवून बोटांनी त्याची कड पसरवायची आणि परत बसवायचा. ज्योत एका बाजूने लंगडू लागली तर पिन मारायची. पत्र्याची पट्टी आणि तिच्या टोकाला केसासारखी तार, एवढीच ती पिन. वाण्याकडे चिल्लर पैशांत मिळायची. पिनची तार निपलमध्ये तुटून अडकली तर मात्र दुरुस्तीवाल्याची वाट बघावी लागे. तो गल्लीतून हाक देत यायचा. पिशवीत पाने, वॉशर, निपल, बर्नर आणि डाग द्यायचं सामान. ओट्याच्या कडेला बसून अर्ध्या तासात यंत्र उभं करून द्यायचा. ही कारागिरी आता जवळजवळ संपली आणि तिची नोंदही कुणी नीट केली नाही, याचं मला वाईट वाटतं.

यंत्र किती दणकट होतं याचा पुरावा बर्फातून आला. सॉलोमन आंद्रे हा स्वीडिश साहसवीर १८९७ साली फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि दोन साथीदारांसह बेपत्ता झाला. १९३० साली क्विटोया बेटावर त्यांचे अवशेष सापडले, त्यात प्रायमस होता आणि तेहतीस वर्षांनंतरही तो चालू स्थितीत होता. नान्सेन, अमुंडसेन या ध्रुवप्रवाशांच्या मोहिमांत प्रायमसच होता, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही.

आपल्याकडे हे यंत्र रमलं ते चाळींच्या खोल्यांत. दहा बाय बाराच्या खोलीत चूल पेटवणार कुठे? लाकूडफाटा ठेवायला जागा नाही आणि कोळशाच्या शेगडीला वेळ लागतो. मुंबईत बर्मा शेलने १९५५ मध्ये सिलिंडरचा गॅस आणला खरा, पण मध्यमवर्गाला तो मिळायला पुढे वर्षानुवर्षं नंबर लावावे लागले. तोवर घराचा आधार स्टोव्हच आणि स्टोव्हचा आधार रेशनचं रॉकेल. डबे रांगेत ठेवायचे आणि दुकानावर पाटी दिसायची, ‘रॉकेल नाही’. १९७२ पासून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांच्या पुढाकाराने महागाईविरोधात बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन मुंबईत रस्त्यावर उतरल्या. धान्य आणि तेलाबरोबर रॉकेलचा प्रश्नही त्या मोर्च्यांत होता.

या यंत्राची दुसरी बाजू लपवण्यासारखी नाही. जमिनीवर ठेवलेला स्टोव्ह, वाकून केलेला स्वयंपाक, कृत्रिम धाग्याची साडी आणि खाली लोंबणारा पदर, यात भाजल्याच्या खऱ्या घटना खूप झाल्या. निपल तुंबलेलं असताना पंप मारत राहणं, पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणं, पेट्रोल मिसळलेलं रॉकेल, ही त्यांची कारणं. पण ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी रोजची झाली, तेव्हा स्त्री-संघटनांनी साधा प्रश्न विचारला. स्वयंपाक सासू आणि नणंदही करतात, मग भडका सुनेच्याच अंगावर का उडतो? या लढ्यातून १९८३ साली भारतीय दंड संहितेत विवाहितेच्या छळाविरुद्धचं ४९८-अ हे कलम आलं आणि १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब. कित्येक खुनांचा आळ पितळेच्या निर्जीव भांड्यावर ढकलला गेला, हे स्टोव्हच्या इतिहासात लिहिलंच पाहिजे.

वाफ जाळण्याचं तत्त्व अजून जिवंत आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी निम्मं पाणी मिसळलेल्या इथेनॉलवर चालणारा स्टोव्ह तयार केला. उसाच्या पट्ट्यात हे इंधन जवळच तयार होतं आणि पेटलंच तर पाण्याने विझतं. सह्याद्रीत भटकणारी मुलं शीतपेयाचे दोन डबे कापून, एकात एक बसवून, कडेला सुईने भोकं पाडून स्पिरिटचा स्टोव्ह घरी बनवतात. आतलं स्पिरिट तापून भोकांतून वाफेने जळतं. लिंडक्विस्टचंच तत्त्व, पंप वजा. मला या हौसेचं कौतुक आहे, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. स्टोव्ह विझलाय असं समजून वरून बाटली ओतणं हे अशा स्टोव्हच्या अपघातांचं नेहमीचं कारण आहे. पूर्ण गार झाल्याशिवाय इंधन घालू नका. आणि तो तंबूत किंवा बंद खोलीत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दाबाचा, पंपाचा स्टोव्ह तर घरी बनवायच्या फंदात पडूच नये. टाकीचा सांधा दाब धरेल की नाही हे डोळ्यांनी कळत नाही.

माळ्यावर आजीचा पितळी स्टोव्ह पडला असेल तर तो मोडीत घालू नका. टाकीला तडा नाही ना, सांध्यांतून गळत नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या, वॉशर बदला आणि मोकळ्या अंगणात फक्त रॉकेलवर एकदा पेटवून घरातल्या पोरांना दाखवा. त्याच्या टाकीत पेट्रोल कधीही घालू नका.