माळवद गळते तेव्हा

माळवद म्हणजे लाकडावर तोललेले मातीचे सपाट छप्पर. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा परिसरात, आणि एकूणच मराठवाड्यात, जुनी घरे बहुधा या पद्धतीची. हा पर्जन्यछायेतला मुलूख आहे. जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास, तोही मुख्यतः चार महिन्यांतला. अशा हवेत मातीचे जाड छप्पर उन्हाळ्यात घर थंड ठेवते आणि वाळवणालाही उपयोगी पडते. मात्र झड लागली की तीच माती पाणी पिते. सप्टेंबर 2025 मधल्या अतिवृष्टीने मराठवाड्यातली अशी कित्येक घरे गळकी केली.

माळवदाची रचना खालून वर पाहावी. उथळ्यावर म्हणजे दगडी बैठकीवर लाकडी खांब, खांबांवर तुळई, तुळईवर आडवे सरे आणि सऱ्यांवर बारीक लाकडांची किलचण. किलचणीवर पाला किंवा चिपाडे पसरून चिखलाचा थर देतात आणि सर्वांत वर पांढरी माती चोपून बसवतात. ही माती गावच्या जुन्या पांढरीतली, म्हणजे वस्तीच्या जागेतली असते. काळी माती इथे चालत नाही. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. पांढरी माती बारीक आणि खारवट असते. तिच्यातल्या क्षारांमुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात, त्यामुळे पाणी लवकर झिरपत नाही आणि गवतही फारसे उगवत नाही.

गळतीवरचा रूढ उपाय म्हणजे दरवर्षी मातीचा नवा थर. एका पावसाळ्यापुरते पाणी थांबते, पण पिढ्यान्‌पिढ्या थर चढत जाऊन छप्पर दीड-दोन फूट जाड होते. 10 बाय 10 फुटांच्या खोलीवर फूटभर माती कोरडी असतानाच सुमारे साडेचार टन भरते. भिजली की आणखी जड. हा भार पेलणारे लाकूड मात्र आतून कुजत असते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात जवळपास 8,000 माणसे दगावली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे कोसळणे हे या हानीचे मोठे कारण होते. म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम असा: लाकूड तपासल्याशिवाय वर माती टाकू नये.

पाणी जिथे टपकते तिथेच ते शिरलेले असते असे नाही. ते सऱ्याच्या कडेने वाहत जाऊन दूरवर ठिबकते. त्यामुळे डागापासून चढाच्या बाजूने माग काढावा. पन्हळीचा सांधा, सवण्याची म्हणजे छपरातल्या झरोक्याची कड, छप्पर आणि कठड्याच्या भिंतीचा कोपरा, उंदरांची बिळे आणि गवताची मुळे या पाणी शिरण्याच्या नेहमीच्या जागा होत.

त्यानंतर लाकूड. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर ते बहुधा धड. बद्द आवाज आला तर आत पोकळी असावी. टोच्या सहज रुतला तर कूज निश्चित. भिंतीत गाडलेली टोके आधी कुजतात, कारण तिथला ओलावा सुकत नाही. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. वाळवीच्या मातकट नळ्याही या टोकांपाशीच शोधाव्यात.

प्रत्यक्ष काम कोरड्या दिवसांत करावे. आधी तुळईखाली भक्कम टेकू द्यावेत. मग वरची माती थोडी थोडी, दोन्ही बाजूंनी सारखी उतरवावी; एकाच बाजूचा भार कमी केला तर सांगाडा कलतो. कुजलेला सरा बदलावा. तुळईचे फक्त टोक गेले असेल तर कुजका भाग कापून नवे लाकूड तिरक्या सांध्याने आणि बोल्टने जोडता येते. नवे लाकूड पुरते वाळलेले हवे. घरातल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचे द्रावण लावल्यास बुरशी व वाळवीपासून संरक्षण मिळते.

माती परत चढवताना जाडी आधीपेक्षा कमी ठेवावी. किल्लारीनंतरच्या मजबुतीकरणातही छपरावरची माती कमी करणे हा महत्त्वाचा उपाय होता. खालचा थर सुकल्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद पसरून त्यावर मातीचा पातळ थर चोपला, तर कमी वजनात पाणी अडते. ओल्या थरावर मात्र कागद टाकू नये. ओल कोंडून लाकूडच कुजते. पन्हळीकडे दर तीन फुटांना साधारण एक इंच उतार द्यावा. पन्हळ भिंतीच्या बरीच बाहेर काढावी, नाहीतर छपरावरून सुटलेले पाणी भिंतीचा पाया भिजवते.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करणे टाळावे. भिंतीतली ओल त्यातून सहज बाहेर पडत नाही आणि काही वर्षांत गिलावा पोपड्यांसह सुटतो. मातीचाच, भुसा आणि शेण कालवलेला गिलावा भिंतीला मानवतो.

पुढे दरवर्षी गवत उपटणे, बिळे बुजवणे, पन्हळ साफ करणे आणि भेगांपुरतीच माती चोपणे एवढे पुरते. ही कामे मृग निघण्याआधी, म्हणजे जूनचा पहिला आठवडा उलटण्यापूर्वी, उरकलेली असावीत.