सांबरशिंगी भुंगेरे

कोलिऑप्टेरा गणाच्या ल्युकॅनिडी कुलातील कीटक. यांच्या १,२०० हून अधिक जाती ज्ञात असून पूर्व हिमालय व आग्नेय आशिया येथे त्यांचे वैविध्य विशेष आढळते. नराच्या लांब, दंतुर जंभांमुळे हे नाव पडले. भारतापासून इंडोनेशियापर्यंत पसरलेली प्रोसोपोकॉइलस जिराफा ही या कुलातील सर्वांत लांब जाती होय. तिचा मोठा नर जंभांसह सु. १२ सेंमी. भरतो. दक्षिण भारतात ओडोन्टोलॅबिस बर्मायस्टेराय ही मोठी जाती आढळते.

नराचे जंभ भक्ष्य फाडण्यासाठी नसतात. प्रौढ भुंगेरे झाडांतून पाझरणारा रस किंवा पिकलेली फळे चाटतात. अशा जागेसाठी व मादीसाठी नरांची झुंज होते. प्रतिस्पर्ध्याला जंभांत धरून उचलावयाचे व फांदीवरून खाली टाकावयाचे, अशी तिची रीत असते. शरीर जितके मोठे त्याहून अधिक प्रमाणात जंभ वाढतात. बोर्निओतील सायक्लोमॅटस टॅरँडस या जातीच्या मोजमापांवरून जूलियन हक्सली यांनी १९३२ मध्ये या असमप्रमाण वाढीचे विवेचन केले. ओडोन्टोलॅबिस कुवेरा या जातीत तर नराची तीन रूपे असतात. सर्वांत लहान नराचे जंभ मादीच्या जंभांसारखे आखूड असतात. एकाच जातीचे नर पूर्वी भिन्न जाती म्हणून नोंदले गेले, यात नवल नाही.

नराचा आकार बव्हंशी डिंभाला मिळालेल्या अन्नावर ठरतो. पांढरट, वक्र डिंभ बुरशीने कुजलेल्या लाकडात एक वा अधिक वर्षे काढतो व पाय एकमेकांवर घासून सूक्ष्म आवाज करतो. मादीच्या उदराच्या टोकाजवळ एक कोश असून त्यात लाकडातील झायलोज शर्करा किण्वित करणारे यीस्ट असते, असे २०१० मध्ये जपानी संशोधकांना आढळले. अंडी घालताना ते डिंभाच्या वाट्यास येते, असे मानतात.

कुजका ओंडका हा वनातील केरकचरा नसून या भुंगेऱ्यांचे पाळणाघर आहे. तो उचलला की पिढी खुंटते. दुसरे संकट व्यापाराचे. जपानने १९९९ मध्ये परदेशी जातींच्या आयातीवरील निर्बंध शिथिल केल्यावर आग्नेय आशियातून लाखो भुंगेरे तेथे छंदासाठी जाऊ लागले. डॉर्कस टायटॅनस या जातीच्या इंडोनेशियन मादी व जपानी नर यांच्या संकरातून जननक्षम संतती निपजते, असे प्रयोगांत दिसून आल्याने निसटलेल्या भुंगेऱ्यांपासून स्थानिक वंशालाही धोका संभवतो.